पहिली कुदळ

मी गाव सोडलं त्या सकाळी अब्बा मला पोचवायला आले नव्हते. ते त्यांच्या कामाला निघाले होते, आणि त्या वेळेला एस.टी. एकच होती. माझ्या मांडीवर नवी सूटकेस, त्यांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली, दांडा काढलेली कुदळ. वडूजच्या लोहाराकडून ती पाजवून आणायची होती, कारण मोहरम महिन्यावर आला होता. माझ्या शिष्यवृत्तीचं पत्र उशिरा आलं, म्हणून मी इंग्लंडला ऐन जानेवारीत चाललो होतो.

कंडक्टर ओळखीचा. तिकिटं देता देता म्हणाला, "हुसेनमामा, पोरगं विलायतेला निघालं आन् तुमी कुदळ घिऊन कुटं?"

"त्यो त्याच्या कामाला, मी माज्या."

गाडीतली चार माणसं हसली. वडूजला ते उतरले आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. गाडी हलली तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या बगलेत कुदळ, त्यामुळे त्यांना हात हलवता आला नाही. त्यांनी नुसती मान हलवली. पुढे परदेशात कुणी 'फादर' म्हटलं की मला आधी ती मान आठवायची.

आमच्या गावात मुसलमानांचं घर एकच, आमचं, मुलाण्याचं. पण मोहरम साऱ्या गावाचा. नवस बोलणाऱ्या मराठ्यांच्या बायका, पिराचे पंजे उचलणारे खांदे माळ्यांचे, ताशा मांगवाड्यातला. पिराच्या पुढ्यात एक गोल खड्डा खणतात, त्याला अलावा म्हणतात. शेवटच्या दिवसांत त्यात विस्तव पेटतो आणि गाव त्याच्याभोवती फेर धरतं. आमच्याकडे तो खड्डा पाचव्या दिवशी खणतात. खणायला दहा हात असतात, पण पहिली कुदळ आमच्या घरची. ती पडल्याशिवाय दुसरी पडत नाही. आजोबांनी मारली, मग अब्बांनी. त्यानंतर कोण, हे कधी कुणी विचारलं नाही, कारण मी एकुलता मुलगा होतो. लहानपणी त्या दिवशी अब्बा कुदळ उचलायचे आणि बघणारे आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायचे. तेव्हा मला ती नजर आवडायची.

मी गेलो त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं. बहात्तरचा दुष्काळ मला निळ्या हवाईपत्रांतून कळला. विहिरीचा तळ दिसला. शेळ्या विकल्या. मग अब्बांनी घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या हवालदारनानांकडे दिली आणि सांगलीला आपाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेले. आई तर मी शाळेत असतानाच गेली होती. सांगलीत मेहुण्यांचं शिलाईचं दुकान होतं, तिथं अब्बा काजं-बटणं करू लागले. कुदळ मात्र त्यांनी सोबत नेली होती. ती त्यांच्या खाटेखाली असे. मोहरम आला की विट्याला गाडी बदलून ते गावी जात, पहिली कुदळ मारत, दहाव्या दिवसापर्यंत नानांच्या ओसरीवर राहत आणि कुदळ घेऊन परत येत.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. इंग्लंडात लायब्ररीत बसून दुसऱ्यांच्या देशांविषयी वाचता वाचता माझ्या संशोधनाचा विषय अखेर माझ्याच घरी येऊन थांबला. दुष्काळात गाव सोडलेली माणसं देवाधर्माच्या कोणत्या दोऱ्यांनी गावाला बांधलेली राहतात, आणि त्या दोऱ्या किती दिवस टिकतात? माझ्या प्राध्यापकांना विषय पसंत पडला. तीन वर्षांनी, पुन्हा जानेवारीतच, मी सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन फील्डवर्कसाठी सांगलीत उतरलो.

हळदीच्या वखारींतले हमाल, स्टेशनमागच्या झोपड्यांतली माणसं, सगळ्यांना विचारत फिरलो. आटपाडीकडची एक म्हातारी म्हणाली, "गावाचं काय इचारतूस? आमचा द्येव आमी संगट आनलाय. त्यो बघ, डब्यात हाय." वर फळीवर खरंच तुपाचा रिकामा डबा होता आणि त्यात शेंदूर फासलेला गोटा. मी वहीत लिहून घेतलं. तिनं विचारलं, "लिवून काय मिळतं रं तुला?" मी काही सांगायच्या आत तिनं कप पुढं सारला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, च्या पी."

मोहरम त्याच दिवसांत होता, म्हणून अब्बांच्या सोबत मी गावी गेलो. कुदळ मारण्याच्या आदल्या दुपारी नानांच्या ओसरीवर मी अब्बांचीच प्रश्नावली भरायला घेतली. त्यांना त्याची गंमत वाटत होती. नाव विचारलं तर म्हणाले, "तुला म्हाईत न्हाई व्हय?" अकरावा प्रश्न असा होता: गावातील कोणत्या धार्मिक कार्याचा मान आपल्या घराकडे आहे, आणि आपल्यानंतर तो कोण चालवणार?

पहिल्या अर्ध्याचं उत्तर त्यांनी दिलं. दुसरा अर्धा त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "त्ये रिकामं ठेव."

मी रिकामं ठेवलं. पण संशोधनात रिकामी जागा चालत नाही, तिला काहीतरी खूण करावी लागते. इंग्लंडला परतल्यावर मी तिथं 'कोणी नाही' अशी खूण केली. त्या एका खुणेवर आणि तशाच आणखी काही खुणांवर मी एक प्रकरण उभं केलं: अशा गावात मुसलमानांचं शेवटचं घर उठलं की एका पिढीत मोहरमही उठेल. प्राध्यापकांनी समासात 'उत्तम' असा शेरा दिला. त्या संध्याकाळी मी हीटरपाशी बसलो तरी मला थंडी वाजत होती. 'कोणी नाही' याचा खरा अर्थ होता 'मी नाही', आणि तो मी बापाच्या तोंडी घातला होता.

पदवी मिळाली, तिथंच शिकवायची नोकरी लागली. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी तार आली. अब्बा गेले. माझ्या हातात तार पडली तेव्हा त्यांना सांगलीत मूठमाती देऊन दोन दिवस झाले होते. मी त्या आठवड्यात रोज वर्गावर गेलो. माझ्याकडे बघून कुणाला काही कळलं नाही, मीही कळू दिलं नाही. आपल्यापैकी जे लांब गेले त्यांना हे ठाऊक असेल: मातीला पोचलो नाही की शोक कुठून सुरू करायचा तेच समजत नाही.

शोकाखाली दुसरं एक भय होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मोहरम डिसेंबरात येत होता. पहिली कुदळ आता माझी होती. दर वर्षी सातासमुद्रापलीकडून येणं मला झेपणार नव्हतं. न आलो, तर तो खड्डा माझ्यामुळं खणला जाणार नव्हता, आणि माझंच प्रकरण माझ्याच हातानं खरं ठरणार होतं.

रजा काढून आलो. सांगलीत कबरीवर गेलो, फातेहा वाचली. मग आपाच्या घरी खाटेखाली वाकून पाहिलं, तर तिथं कुदळ नव्हती.

"गेल्या साली अब्बांनी गावाला नेली, ती परत आणलीच नाही," आपा म्हणाली. "मी विचारलं, अब्बा, कुदळ विसरलात? तर म्हणाले, विसरंन कसा."

पाचव्या दिवशी सकाळी मी एकटाच निघालो. विट्याला गाडी बदलली. मायणीच्या पुढं दोन्ही बाजूंना शाळू कंबरेएवढा उभा होता, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. गावापुढं काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. मला माफ करा. मला दर वर्षी जमणार नाही. हा मान आता इथंच थांबवा. परीक्षेच्या उत्तरासारखं पाठ केलं.

पिरापुढं माणसं जमलीच होती. मधे हवालदारनाना, फौजेतून येऊन वीस वर्षं झाली तरी पाठ ताठ, आणि त्यांच्या हातात आमची कुदळ. दांडा नवा होता.

"आला का सायेब! लय वाळलास रं शौकत्या. तिकडं भाकरी मिळत न्हाई व्हय?"

मी सगळ्यांसमोर माझं पाठ केलेलं सुरू केलं. "नाना, अब्बांच्या मागं ही जबाबदारी माझी. पण मला..."

"तुला कुनी बोलावलं व्हतं का?" नानांनी मधेच तोडलं.

नानांनी कुदळ खांद्यावर टाकली.

"तुज्या बापानं तुला कवाच डिसमिस केलाय." माणसं हसली. मग नाना जरा हळू बोलू लागले. "तू त्यो कागद भरून घेतलास न्हवं, हितं वसरीवर? त्याच सांजंला माज्याकडं आला. म्हनला, नाना, पोरानं आज इचारलं, माज्या मागं कोन. त्याचं नाव सांगितलं तर त्यो अडकंल, न्हाई सांगितलं तर झुरंल. तू मारशील का कुदळ? मी म्हनलं, आवं, मी मराठा गडी, मला कसं जमंल? तर म्हनला, फौजेत खंदक खनलास का न्हाई? मग?"

पुन्हा हशा झाला. त्यात माझा आवाज आहे हे मला उशिरा कळलं.

"दोन सालं मला मागं हुभं करून शिकवलं," नाना म्हणाले. "गेल्या साली ह्या समद्यांम्होरं कुदळ माज्या हातात दिली. म्हनला, शौकतला कळवू नगा. कळवलं तर त्यो बोलून दावील, जमतंय म्हनून. आन् त्याचं काम बुडंल. आला कवा आपल्या पायानं, तर येऊ द्या. फातेहाला वडूजचा मौलवी येतोय सायकलीवरनं. अजून काय इचारायचं ऱ्हायलंय का तुज्या कागदात?"

"न्हाई," मी म्हणालो. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून तो 'न्हाई' निघाला.

मौलवींनी फातेहा वाचली. नानांनी 'बिस्मिल्ला' म्हटलं, जरा परेडच्या आवाजात, आणि कुदळ उचलली. सवयीनं मी सगळ्यांच्या नजरेची वाट पाहिली. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. उलट मी फार पुढं उभा होतो, तेव्हा नाना कुदळ वर धरूनच म्हणाले, "मागं सर रं, ढेकूळ उडंल."

मी दोन पावलं मागं सरलो. कुदळ पडली. नानांनी चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली, अगदी अब्बांसारखी, उजव्या भुवईच्या वर. तिथं मला रडू आलं. तार आल्यापासून पहिल्यांदाच. शेजारच्या माणसानं खांद्यावर हात ठेवला. मोहरमात रडणाऱ्याला आमच्याकडे कुणी कारण विचारत नाही.

खोटं कशाला लिहू, आपलं काहीतरी हातातून गेलं असंही त्या क्षणी वाटलं. पण त्याहून कितीतरी मोठा भाग सुटकेचा होता. माझं प्रकरण चुकलं होतं, आणि इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी चुकलो नव्हतो. इंग्लंडला परतल्यावर जुना गठ्ठा काढला आणि अब्बांच्या प्रश्नावलीतली 'कोणी नाही' ही खूण खोडून तिथं हवालदारनानांचं पूर्ण नाव लिहिलं. प्राध्यापकांना पत्र लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, पुस्तक करताना प्रकरण पुन्हा लिही. ते आता लिहितो आहे, सावकाश.

इथं नवे ओळखीचे लोक विचारतात, तुमचं घर कुठं? पूर्वी मी अडखळायचो. गावातल्या घराला अजून कुलूप आहे, अब्बा सांगलीच्या मातीत आहेत, आणि माझ्या दाराची चावी माझ्या कोटाच्या खिशात. आता मी गावाचंच नाव सांगतो. दर वर्षी मोहरम झाला की तिकडून एक निळं पत्र येतं. नाना सांगतात, शाळेतले मास्तर लिहितात. आतापर्यंत दोन आली, मजकूर दोन्ही वर्षी सारखाच होता.

'कुदळ पडली. तू तुज्या कामाला लाग.'