आधी त्यांच्या विहिरीत

आरोग्य खात्यात माणसं किती वाचली ते सांगणं अवघड, पण किस्से हवे तेवढे! जुनी मंडळी चहाला जमली, एक काढला की दुसरा निघतो. हसता हसता आठवतं, यातली बरीच माणसं मेली. मग चहा कडू लागतो.

इंग्रजी अमदानीत मी धुळ्याला सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. देवी टोचायला सोबत नाना. सोनगीरकडच्या एका गावात नाना पोरं टोचून घाम पुसत बाहेर आले, तर ओट्यावर आया राखेनं पोरांचे दंड खसाखसा पुसताहेत! नाना ओरडले. एक बाई शांतपणे म्हणाली, "तुम्हनं काम व्हयनं ना? आते आम्हनं करू द्या!"

पुढल्या साथीत तिच्याच पोराचे डोळे गेले.

*

प्लेगात घरात उंदीर मेला की कळवायचं आणि घर रिकामं करायचं, असा हुकूम. जळगावात एका व्यापाऱ्यानं मेलेला उंदीर गुपचूप शेजाऱ्याच्या अंगणात टाकला. शेजाऱ्यानं पुढच्याच्या. त्यानं त्याच्या पुढच्याच्या! आम्ही विचारलं तर अख्खी गल्ली एका सुरात, "आमच्याकडे नाही हो, साहेब!"

थोड्याच दिवसांत गल्ली रिकामी झाली. आम्ही केली नव्हती.

*

सातपुड्याच्या पायथ्याशी मी घसा फोडून सांगत होतो, "पाणी उकळून प्या!" एक म्हातारी उठली. "लाकडं कोठून आनू? जंगलना शिपाईनी मोळी हिसकी लिधी."

"अक्का, ते खातं वेगळं," नाना म्हणाले.

"सरकार येगळं शे का?"

मी व्याख्यान गुंडाळलं. 

*

आणि हा एक. पटकी शेजारच्या गावापर्यंत आली होती. आम्ही विहिरीत टाकायचं लाल औषध घेऊन पोचलो, तर पाटील आडवे आले. सगळे त्यांना आबा म्हणत. "आम्हना इहिरमा नही! पयले महारवाडामा टाका. तठे कोनी मरनं नही तं मंग देखू."

महारवाड्याच्या विहिरीत टाकलं. तिथले लोक ते लालसर पाणी मुकाट प्यायले. आबांचं 'देखू' चालूच होतं, तोवर पटकी आली. महारवाड्यात एकही तिरडी उठली नाही. पाटलांच्या आळीत रोज उठायची. आबांची सून गेली, पाठोपाठ तिचं तान्हं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, संतापही आला.

पुढच्या उन्हाळ्यात आबा स्वतः वेशीवर सामोरे आले. "यंदा बठ्ठी दवा आम्हना इहिरमा टाका!"

"सगळी? आणि महारवाड्यात?" नानांनी विचारलं.

आबांचे डोळे भरून आले.

"त्यास्ले नही! मांगला साल त्यास्नीच बठ्ठी दवा पी टाकी, म्हनीसन मनी सून गई!"