खोल कण्याची नौका आणि माझा काठ

यांनी शिडाची नौका घेऊन तिच्यावर राहायचं म्हटलं, तेव्हा मला वाटलं, निवृत्तीनंतरचं खूळ, महिन्याभरात उतरेल. उतरलं नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या बैठकीत रोज नौकांचे व्हिडिओ, आणि एक दिवस हे शांतपणे म्हणाले, "तुले भेव वाटत असन तर मी एकटा राहीन नौकेवर." त्या 'एकटा'नं माझी झोप उडाली. मला पोहता येत नाही, यांना विहिरीपुरतं येतं. मी गोव्याला सोबत निघाले ती नौका बघायला नाही, यांना परत आणायला.

वऱ्हाडातून जाणाऱ्यांसाठी: अकोल्याहून गोव्याची थेट गाडी रोज नसते, आम्ही पनवेलला बदलली. खाडीकाठी साधी खोली पंधराशेत मिळाली. मासे चालत नसतील तर शेंगदाण्याची चटणी न्या, आम्ही तिच्यावरच दिवस काढले.

पहिल्या दिवशी दोन वापरलेल्या नौका पाहिल्या. दोन्ही कारखान्यात साच्यातून निघालेल्या, चौतीस फुटी. एक रुंद, उजेडाची, नौका कलली तरी सरळ राहणारी शेगडी असलेली. तिचा तळाखालचा जड कणा पाण्यात साडेचार फूट उतरतो. दुसरी अरुंद, कुबट, पण कणा साडेसहा फूट. यांनी आयुष्यभर काळ्या मातीत घरांचे पाये भरले. तिथं पाया उथळ राहिला की भिंतीला भेग पडलीच.

"हीच घेऊ," हे म्हणाले. "खोल आहे."

दुसऱ्या दिवशी चालवून पाहायची होती. नौका दाखवणारे मार्टिनभाऊ म्हणाले, "ओहोटी लागलीय, उद्या जाऊ." पण उद्याची आमची परतीची तिकिटं होती, म्हणून निघालोच. ते पुढे शीड सोडायला गेले, सुकाणूचं चाक यांच्या हातात. दोन्हीकडचा काठ लांब जायला लागला.

"काहून मधात नेता? काठानं घ्या ना!" मी ओरडले.

यांनी लगेच ऐकलं. एरवी कधी ऐकत नाहीत. धप्प आवाज झाला, नौका थांबली आणि हळूहळू एका अंगावर कलायला लागली.

"चिखलात रुतली. आता भरतीपर्यंत इथंच," मार्टिनभाऊ म्हणाले. "बाई, इथं काठच धोक्याचा. आणि एवढा खोल कणा!"

पाच तास मी कठडा धरून होते. रडले, लपवत नाही. मग यांच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यानंही कठडा घट्ट धरला होता.

"मले बी भेव वाटून राहिलं," हे म्हणाले.

"मंग एकटे कसे राहणार होते?"

"तू येशीन, असंच वाटे मले."

भरतीनं नौका उचलली, आम्ही आलो. घरी येऊन दोन आठवडे झाले. रुंद नौकेची बोलणी सुरू आहेत, आणि ती थांबवा असं मी म्हटलेलं नाही. मी रोज सकाळी महिलांच्या पोहण्याच्या वर्गाला जाते. तलावाचा कठडा अजून एकदाही सुटलेला नाही. हे फाटकापाशी टॉवेल घेऊन उभे असतात.