नथीकडची बयाबाई

टाकवे बुद्रुकच्या बयाबाईंनी गेल्या तीस वर्षांत एकाही लग्नात पोटभर जेवण केलेलं नाही. पंगतीला बसायचं म्हणजे नवरीकडं पाठ करायची, आणि नवरीच्या नाकात बयाबाईंची नथ असते.

नथ त्यांच्या सासूची. सात मोती, मध्ये लाल खडा, आणि एक मोती इतरांपेक्षा पिवळट, जरा तिरका बसलेला. गावातली प्रत्येक लेक हीच नथ घालून बोहल्यावर उभी राहते. नथ घालून गेलेल्या पोरीचा संसार मोडत नाही, असं टाकव्यात मानतात. एक रुसून आली होती खरी, पण चौथ्या दिवशी नवरा न्यायला आला. त्याला बयाबाईंनीच फोन केला होता, हे गावाला माहीत नाही.

नथ द्यायला त्या कधीच नाही म्हणत नाहीत. फक्त नथीबरोबर स्वतः जातात. नवरीच्या मागं उभ्या राहतात, नवरी शिंकली की यांचा हात पुढं येतो. लग्नाच्या तेहतीस अल्बमांत नवरीच्या खांद्यामागं एक चिंताग्रस्त चेहरा दिसतो, तो यांचा.

यंदा हौशीरामच्या प्रेरणाचं लग्न निघालं आणि घोटाळा झाला. प्रेरणाचं नाक टोचलेलं नव्हतं.

नवरीला सजवायला लोणावळ्याहून तेजल आली होती. ती म्हणाली, "मावशी, तार थोडी वाकवून दाबाची करून देते. दोन मिनिटांचं काम."

"माज्या सासूची तार वाकवायची न्हाई."

"मग नवरीचं नाक टोचू का आत्ता?"

प्रेरणानं दोन्ही हातांनी नाक झाकलं. शेवटी तोड निघाली. नाकात तेजलची दाबाची नथ, आणि बयाबाईंची नथ शालूच्या पदराला गाठ मारून. नाकात नाही तर नाही, अंगावर तरी राहील.

इथं बयाबाईंनी थांबायला हवं होतं. पण तेजलच्या पेटीत नथींची रांग बघून त्यांच्यातला पारखी जागा झाला. तिथली एक तारेची नथ उचलून त्यांनी एका तळहातावर घेतली, दुसऱ्यावर आपली.

"ही बग. फुंकर मारली तर उडंल. आणि ही बग, वजन. डोळं मिटून सांगंन मी."

तेवढ्यात बाहेर नवरदेवाच्या घोड्यानं कुणाचा तरी फेटा खाल्ला म्हणून गलका झाला. बयाबाईंनी वळून पाहिलं, पाहता पाहता एक नथ पेटीत ठेवली आणि दुसरी प्रेरणाच्या पदरात बांधली. चष्मा कमरेच्या पिशवीत होता. चारचौघांत तो लावला की आपण म्हाताऱ्या दिसतो, असं त्यांचं मत आहे. वय सत्तर.

साडेबाराला अक्षता पडल्या. दोन वाजता नथ जागेवर आहे ना, हे बघायला त्यांनी गाठ सोडली आणि बोटांनी तिरका मोती शोधला. बोटं सातही मोत्यांवरून फिरली. सगळे मोती सरळ होते.

"तेजल कुटं हाय?"

तेजल परंदवडीला दुसऱ्या लग्नाला निघून गेली होती, पेटीसकट. तिचा फोन वाजत राहिला. आणि प्रेरणा संध्याकाळी पवनानगरला सासरी जाणार होती. टाकव्याची लेक नथीशिवाय माप ओलांडणार, आणि तेही बयाबाईंच्या हातानं घडलेल्या चुकीमुळं.

मंडपात चारचाकीवाली माणसं बरीच होती, पण बयाबाईंच्या हाताला लागल्या सुनेत्राबाई. तळेगावच्या शाळेत त्यांनी प्रेरणाला इतिहास शिकवला होता, आणि आता निवृत्तीनंतर त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या. गाडी इतिहासाच्याच वेगानं चालते.

"बाई, गाडी चालवताय का ढकलताय?"

"घाबरू नका, बयाबाई. दागिन्यांचं काय आहे, ते हरवतात आणि सापडतात. लाखभर वर्षांपूर्वीचे भोकं पाडलेले शिंपले सापडलेत. माणसाला लिहिता येत नव्हतं, पण गळ्यात घालायला काहीतरी हवं होतं."

"लाख वर्सं थांबायला येळ न्हाई माज्याकडं. त्या टेम्पोच्या पुढं घ्या."

सुनेत्राबाईंनी टेम्पोला आदरानं पुढं जाऊ दिलं. वडगाव येईपर्यंत त्यांनी इजिप्त संपवला, जिथं मेलेल्याच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत. मग आफ्रिका झाली, जिथं पोरी रंगीत मण्यांच्या माळेतून प्रियकराला निरोप धाडत. इंग्लंडमध्ये वारलेल्या माणसाच्या केसांचे दागिने करून घालत, हे ऐकून बयाबाई प्रथमच नीट वळल्या.

"केसांचं? मंग त्याला तेल लावायचं का पॉलिश?"

सोमाटणे फाट्याला गर्दीत गाडी अडकली. बयाबाईंनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांचं मन रमवायला सुनेत्राबाई म्हणाल्या, "आणि गंमत म्हणजे नथ मूळची आपली नाहीच, असं बरेच अभ्यासक म्हणतात. जुन्या मूर्तींच्या नाकात ती दिसत नाही. बाहेरून आली."

"आली आसंल," बयाबाई रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "समद्याच बाहेरून येत्यात. नांदली का न्हाई, ते बगायचं."

परंदवडीच्या मंडपात शिरल्या तेव्हा अंतरपाट धरलेला होता. नवरी अमृता, हातात हार, आणि नाकात पिवळा मोती. तेजलनं बयाबाईंना पाहिलं आणि समोरच्या नथीकडं पाहिलं. तिचा चेहरा पावडरीच्याही पलीकडं पांढरा पडला. ती नवरीच्या नाकाकडं हात नेऊ लागली, तोच बयाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"उभ्या नवरीच्या नाकातली नथ काढतीस व्हय? ऱ्हाऊ दे."

"पण मावशी, तुमची नवरी निघायची..."

"ठावं हाय."

आणि त्या सवयीनं अमृताच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. घड्याळात चार पंचवीस. भटजींनी मंगलाष्टकं धरली होती आणि सोडायला तयार नव्हते. प्रत्येक 'सावधान'ला बयाबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर जात.

एका काकांनी विचारलं, "तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या?"

"नथीकडची," बयाबाई म्हणाल्या. काकांनी समजल्यासारखी मान हलवली.

अक्षता पडल्या. तेजलनं नवरीला फोटोआधी बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. अमृतानं स्वतःच नथ काढून बयाबाईंच्या हातावर ठेवली. "जड होती, मावशी. पण छान वाटत होतं."

"चौतिसावी तू," बयाबाई म्हणाल्या. "काय लागलं तर टाकव्याला फोन कर."

आता पवनानगर. सुनेत्राबाईंनी या वेळी एकही देश काढला नाही, आणि एक ट्रॅक्टर तर चक्क मागं टाकला. नवरदेवाच्या दारात पोचल्या, तेव्हा वऱ्हाड नुकतंच गाड्यांतून उतरत होतं. उंबऱ्यावर तांदळाचं माप मांडलेलं. प्रेरणानं गर्दीतून बयाबाईंना पाहिलं, आणि सासूबाई आरतीचं तबक घेऊन पुढं आल्या तरी जागची हलली नाही.

बयाबाईंनी पिशवीतून चष्मा काढला. दोन्ही वऱ्हाडांसमोर तो नाकावर चढवला, नथ उजेडात धरली, तिरका मोती पाहिला आणि ती प्रेरणाच्या पदराच्या टोकात ठेवून तीन गाठी मारल्या.

"जा आता."

माप लवंडलं, तांदूळ सांडले, प्रेरणा आत गेली. कुणीतरी बयाबाईंना खुर्चीवर बसवून हातात जिलेबीची ताटली दिली. त्यांनी एक तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि ताटली सुनेत्राबाईंकडं देऊन उठल्या.

"धरा वाईच. पदर कुटं गेला बगून येते."