पिवळं पडलेलं सोयाबीन

बयाबाई मूळची जतकडची. मेंढरं विकून नवरा सयाजीबरोबर सांगलीकडं आली आणि हातात खुरपं घेतलं. भांगलणीत तिचा हात कुणी धरत नसे. पिकाला धक्का न लावता हराळी मुळासकट काढायची. बागायतदार अजितकुमारच्या रानात बायकांची टोळी तीच न्यायची, आणि तण मागं ठेवणारीला भर रानात शिव्या हासडायची.

यंदा अजितकुमारनं सोयाबीनचं चोरटं, सरकारी बंदी असलेलं बी पेरलं, तणनाशकानं न मरणारं. फवारायचा पंप त्यानं बयाबाईच्याच पाठीवर चढवला.

"अण्णा, तण आसं मेलं तर आमी काय खायाचं?"

"आज मार. उद्याचं उद्या बगू."

त्यानं सांगितलं तेवढंच औषध घालून तिनं फवारलं. आठवड्यात तण करपलं, पण सोयाबीनचे शेंडेही पिवळे पडले. अजितकुमारनं तिला पारावर बोलावलं. चारचौघांत म्हणाला, "पोटावर पाय आला म्हणून हिनं दुप्पट औषध वतलं."

"बिरोबाची आण, न्हाई वं!"

टोळीतल्या आक्काताईनं बयाबाईच्या शिव्या लय खाल्ल्या होत्या. ती पुढं होऊन म्हणाली, "म्या बगितलंय वतताना."

त्या दिवसापासून बयाबाईला कुणी बांधावर उभं करेना.

पंधरवड्यानं पीक पुन्हा हिरवंगार झालं. बयाबाई धावतच अजितकुमारच्या दारात गेली. "अण्णा, पीक सुदारलं! आता तरी समद्यास्नी सांगा."

तो चहा पीत होता. "मला ठावं हुतं. बी देणाऱ्यानं आदीच सांगितलंतं. पीक मरत न्हाई, पर औषध अंगात जिरवताना त्येला तरास हुतो. शेंडं पिवळं पडत्यात, मग आपसूक सुदारतंय."

"मग माज्यावर आळ का घातला?"

"तुजी टोळी बंद झाल्यावर तू गप बसली आसतीस? चोरटं बी हाय म्हणून तालुक्याला गेली आसतीस. जा आता. कोण इस्वास ठेवतंय बगू."

ती तालुक्याला गेली. शेतकी कचेरीतल्या साहेबानं गावात फोन लावला. गावानं सांगितलं, पीक जाळणारी बाई ती. साहेबानं तिला बसही म्हटलं नाही.

आता ती कुपवाडच्या एका कारखान्यात लोखंडाचा चुरा झाडते. परवा जेवताना सयाजीनं हळूच विचारलं, "आता तर खरं सांग. दुप्पट वतलंवतंस न्हवं?"

बयाबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.