संपातली भट्टी

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हाय गावी आली की पहिल्याच सकाळी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवते आणि बोटाकडे बघते. बोटाला काही लागत नाही. मिशिगनच्या या भागात गाड्यांचे आराखडे होतात, बैठका होतात, आणि बैठकांतून निघेल तेवढाच धूर. पण तिचा सगळा संसार मध्य भारतातल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत झाला. तिथे लाल धूळ पोळ्यांच्या डब्यातही शिरायची. कपडे वाळत घालण्याआधी ती अजूनही वर आकाशात बघते, धूर कुणीकडे चाललाय ते.

मी तिला सांगून पाहिलं, ‘आई, इथे बाहेर कपडे घालणं अलाउड नाही. सोसायटीवाले कम्प्लेंट करतात.’

‘करू देत. ऊन काय त्यांच्या बापाचं आहे?’

तर अशीच एकदा ती मागच्या अंगणात ओली साडी हातात धरून वर बघत उभी होती, आणि कुंपणापलीकडचे म्हातारे शेजारी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुझी आई पोलादाच्या गावातली आहे का?’

मी चकित झाले. कशावरून, असं विचारलं.

‘आधी आकाश बघते, मग दोरी. माझी आईही तसंच करायची.’

ते पोलंडचे होते. डेट्रॉइटच्या एका कारखान्यात उरलेली नोकरी करून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी टेक्ससमध्ये. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना काका म्हणू लागले. मी काय काम करते ते त्यांनी विचारलं. गाड्यांच्या दारांसाठी जो पत्रा येतो त्याची तपासणी करते, असं सांगितल्यावर त्यांनी फारशी दखल घेतली नाही. वडील कुठे होते, हे मात्र नीट विचारलं. ब्लास्ट फर्नेसवर, म्हटल्यावर ते कुंपणाजवळ आले. खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या त्या उंच भट्टीवर त्यांचीही उमेदीची वर्षं गेली होती.

त्यानंतर ते आमच्याकडे चहाला येऊ लागले. आई त्यांच्याशी मराठीत बोले, ते आईशी पोलिशमध्ये, आणि दोघांचं बरं चाले. मला मात्र ते इंग्रजीत त्यांच्या गावाची हकिगत सांगत. ते गाव आपोआप वसलेलं नव्हतंच. मोठ्या युद्धानंतर सरकारनं एका जुन्या, देखण्या राजधानीच्या शेजारची गव्हाची शेतं घेतली आणि कागदावर आखून एक अख्खं शहर उभं केलं. रुंद रस्ते, सारख्या इमारती, मधोमध चौक, टोकाला कारखाना. खेड्यांतली पोरं आणून त्यांच्या हातात आधी फावडी दिली आणि मग पोलाद. ज्यांची शेतं गेली त्यांचीच पोरं त्या शेतावर भट्टी पेटवायला लागली. काकांचे वडील त्यांतलेच.

शाळा होत्या, थिएटर होतं, दवाखाना होता. फक्त चर्च नव्हतं. नव्या माणसाला देवाची गरज पडणार नाही, असं सरकारनं ठरवलं होतं. लोकांनी एक क्रूस उभा केला, तो काढायला माणसं आली तेव्हा बायका आडव्या झाल्या, दगडफेक झाली. मग कितीतरी वर्षांनी लोकांनी स्वतःच्या हातांनी चर्च बांधलं. काका आणि त्यांचा धाकटा भाऊ सुट्टीच्या दिवशी नदीतले गोटे गोळा करून तिथे नेऊन टाकत. मला हसू आलं. आमच्या वसाहतीच्या नकाशातही देऊळ नव्हतं, पण वर्षाच्या आत पिंपळाखालच्या दगडाला शेंदूर लागला होता. सरकार कुठलंही असो, त्याचं आणि देवाचं काही जमत नाही, आणि जमलं तर त्याहून वाईट.

एवढं सगळं सांगून काका एका जागी येऊन थांबत. तो संप. तो त्यांनी मला फार उशिरा सांगितला.

देशात लष्कराचा अंमल लागला होता आणि कारखाना संपावर गेला होता. कामगार आतच बसले. गेटबाहेर बायकांनी ठाण मांडलं. आत प्रश्न आला भट्टीचा. ती गॅसच्या शेगडीसारखी बंद करता येत नाही. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं जळत ठेवावी लागते. थंड पडली तर पोटातलं लोखंड पोटातच गोठतं, मग सुरुंग लावूनच फोडायची. काका म्हणाले, संप कारखान्याच्या साहेबांशी आहे, भट्टीशी नाही. त्यांनी आणि चार-सहा जणांनी ती नुसती धगत ठेवली. लोखंड काढायचं नाही, फक्त मरू द्यायची नाही.

भट्टी धगती म्हणजे धूर आला. थोडाच, पण आला. सरकारी रेडिओनं सांगितलं, कारखान्यात काम सुरू झालंय, धुराडी बघा. त्या गावातल्या बायका जन्मभर धुराकडे बघूनच दिवस ठरवत आलेल्या. त्यांनी गेटवरून, खिडक्यांतून बघितलं आणि त्यांना वाटलं, संप मोडला. गेटवरची गर्दी पांगली. रिकाम्या गेटातून शिपाई आत घुसले. धाकट्या भावाला त्यांनी मारलं, एक कान कायमचा गेला, मग तुरुंग. तो सुटून आला तेव्हा काकांशी बोलला नाही. गावही बोललं नाही. काकांनी बायको आणि लहान मुलीला घेऊन देश सोडला.

हे ऐकून मला गावाचा राग आला, भावाचाही आला. मी भट्टीवाल्याची मुलगी. आमच्याकडे संप झाला तेव्हा माझे वडीलही आत जात होते. ते म्हणायचे, घरातल्या सगळ्यांनी उपास धरला तरी आजाऱ्याला पेज द्यावी लागते. काका चुकले असं कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

पुढे बातमी आली की त्या गावातली शेवटची भट्टी कायमची बंद झाली. कारखाना केव्हाच परक्या मालकांकडे गेला होता. मागणी नाही, परवडत नाही, असं काहीतरी कारण. आता त्या रुंद रस्त्यांवर पर्यटकांना जुन्या खटारा गाड्यांत बसवून फिरवतात म्हणे. काका दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. आले ते वेगळंच बोलत. ‘आता भाऊ बोलेल. जिच्यावरून भांडलो तीच राहिली नाही.’

त्यांनी गावातल्या चर्चच्या पाद्र्यामार्फत निरोप धाडला. भावाच्या नातीकडून उत्तर आलं, आजोबा तयार आहेत, रविवारी. काकांकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठरलं. त्यांनी मला एक काम दिलं. मी इंग्रजीत सांगायचं आणि नात ते भावाला पोलिशमध्ये सांगेल. काय, तर भट्टी विझवता येत नाही हे. ‘माझं तो ऐकणार नाही. तू इंजिनियर आहेस, बाहेरची आहेस.’ मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवत होते. इतक्या तयारीनं मी नोकरीचा इंटरव्ह्यूही दिला नव्हता.

रविवारी सकाळी काका दाढी करून, कोट घालून आले. पडद्यावर नात, एक तरुण मुलगी, आणि तिच्या मागे खुर्चीत भाऊ. तसंच कपाळ, तेच नाक. काकांनी मला खूण केली आणि मी बोलले. खनिज, कोकचा कोळसा, गरम हवा, गोठलेलं लोखंड. धूर म्हणजे काम नव्हे, हेही सांगितलं. मुलगी वाक्यावाक्यानं सांगत गेली. भावानं चांगला कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं.

मग तो थोडंसंच बोलला. मुलगी म्हणाली, ‘आजोबा म्हणतात, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. भट्टी जगवायची असं ठरलं त्या सभेत त्यांनीही हात वर केला होता.’

काका खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांनी पोलिशमध्ये काहीतरी विचारलं. मग का, एवढंच असणार. भाऊ बोलायला लागला आणि मुलगी इंग्रजीत सांगू लागली.

‘आजोबा म्हणतात, कानाचा आणि तुरुंगाचा राग केव्हाच निवला होता. पण त्यांचा मुलगा मोठा झाल्यावर त्याच भट्टीवर लागला. तिथे वायू गळला. त्या वायूला वास नसतो. ते म्हणतात, त्या दिवशी तुम्ही तिला मरू दिली असतीत तर तो वाचला असता. त्यांचीही चूक, त्यांनीही हात वर केला. पण तुम्ही निघून गेलात आणि ती भट्टी आमच्या गळ्यात टाकून गेलात.’ मग ती म्हणाली, ‘ते माझे बाबा. मी तेव्हा फार लहान होते.’

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. गाव बोलत नव्हतं, तर सांगणार कोण? त्यांच्या आठवणीतला पुतण्या खांद्यावर बसणारा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांगेन म्हणून. भट्टीबद्दल मला जे ठाऊक होतं ते सगळं सांगून झालं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांची फार दया आली. आई ओट्याजवळ उभी होती. तिला शब्द कळले नाहीत, पण तिनं गॅस बंद केला.

कॉल कोणीच तोडला नाही. शेवटी भाऊ म्हणाला, पुढच्या रविवारी परत बस. तू नव्हतास तेव्हाचं सगळं ऐकायचं.

त्यानंतर दर रविवारी काका कोट घालून यायचे आणि भाऊ सांगायचा. तुरुंगातून सुटून आला तेव्हा पोरानं त्याला ओळखलं नाही, तिथपासून. पोराला गोवर आला, तो सायकलवरून पडला, रांगेत उभा राहून त्याच्यासाठी बूट आणले आणि ते मोठे झाले. काका मान खाली घालून ऐकायचे, मध्ये एखादा प्रश्न विचारायचे. माफीची गोष्ट दोघांनीही काढली नाही. मुलगी इंग्रजीत सांगत राही. माझ्यासाठी त्रास नको घेऊस, असं मी म्हटलं, तर म्हणाली, ‘मला घरात हे कधी कोणी सांगितलं नाही. आजोबा फक्त तुमच्या काकांनाच सांगतात. इंग्रजीत बोललं की मला ते ऐकवतं.’

भाऊ सावकाश सांगे. मला वाटे, मुद्दामच. पोरगं एकेका रविवारी थोडं थोडं मोठं होत होतं आणि पुढे काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकांची तब्येत खालावली. आधी काठी आली, मग ऑक्सिजनची नळी. ‘कुठपर्यंत आलंय?’ मी एकदा विचारलं. ‘शाळा संपत आलीय,’ ते म्हणाले.

ते गेले फेब्रुवारीत. त्यांची मुलगी टेक्ससहून आली, अंत्यविधी झाला, घरासमोर विक्रीची पाटी लागली. पोलंडला मी मेसेजनं कळवलं होतं. तरी रविवारी लॅपटॉप वाजला. भावाची नात होती. मागे खुर्चीत तिचे आजोबा, कोट घातलेले.

‘मी त्यांना सांगितलंय,’ ती म्हणाली. ‘तरी येऊन बसलेत. समोर कोणी नसेल तर ते सांगणार नाहीत. आणि मला पुढचं माहीत नाही. तुम्ही बसाल का?’

मी आईला सगळं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, काकांची खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली.

‘त्यांना म्हणावं, माझ्या नवऱ्यानंसुद्धा संपात भट्टी विझू दिली नाही. काय बोलायचं ते मला बोला.’

मी इंग्रजीत सांगितलं, मुलीनं पोलिशमध्ये. म्हाताऱ्यानं चांगला कान आमच्याकडे केला आणि सुरुवात केली. पोराची शाळा संपली होती आणि त्याला नोकरी हवी होती.