आमचुरावरचा भुंगेरा

किडा तांदळाच्या कणीएवढा होता. ज्वेल बीटल म्हणतात त्या चकचकीत भुंगेऱ्यांतला; तांबूस काळा, पाठीवर पांढऱ्या केसांच्या नागमोडी रेषा. माझ्याबरोबर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या धाकट्या सहकारी बाईने तो मोलगीजवळून आणला होता. आंब्यावर सापडणाऱ्या त्याच्या सगळ्या भाईबंदांशी तिने तो ताडून पाहिला. कुणाशीच जुळेना. नवी प्रजाती म्हणून वर्णन लिहून तयार होतं, तिचं पहिलंच. शोधपत्रिकेकडे पाठवण्याआधी ते मी तपासायचं होतं. आकृत्या सुरेख होत्या. मला खटकलं ते लेबल: 'खाद्यवनस्पती: आंबा'.

"आंब्याचं पान खाताना पाहिलास?"

"आंब्याखाले आमचूर वाळत व्हतं, त्यावर बसेल व्हता." चिडली की ती अहिराणीत शिरते. "मन्हा डोयाघाई देखेल शे. तुम्हले कसावरबी भरोसा नही, मॅडम."

"बसलेला पाहिलास. खाताना नाही."

शनिवारी दोघी जीपने तिथे गेलो. आमचुरासाठी कैरीच्या फोडी कापडावर वाळत होत्या. मी भिंग काढून वाकले, तशी घरची बाई आडवी आली.

"किडा दाखवून भाव पाडायला आल्या का?"

"नाही हो, आम्ही शिकवतो."

"मागचा व्यापारीपण हेच म्हणाला होता."

तिची खात्री पटेना, म्हणून भिंग पिशवीत टाकलं आणि मुकाट्याने बाजूला झाले. तेव्हा कुंपण दिसलं. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून आमचुराभोवती बोरीच्या काटेरी फांद्या लावतात, तशा इथेही होत्या. काट्यांत जुनी सुकी पानं अडकलेली, त्यांतली काही फुगलेली. एका पानाचा फुगवटा मी नखाने उघडला. आत, पानातच वाढून बाहेर पडायच्या आधीच मेलेला भुंगेरा होता. पाठीवर त्याच नागमोडी रेषा.

सहकारी बाईने पान माझ्या हातून घेऊन उजेडाकडे धरलं.

"म्हणजे बोरीवरचे सगळे ताडायचे?"

"सगळे."

ताडले. पहिल्यांदा जुळला तेव्हा मला तेही खरं वाटेना. डोक्यावरची खाच, केसांच्या रेषा, नराची अंतर्गत रचना, सगळं पुन्हा पाहिलं. जुळतच होता. प्रजाती जुनीच होती, तिला नावही कधीचं मिळालेलं. तयार वर्णन तिने कपाटात ठेवलं आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

परवा तिने नवा नमुना पानासकट टेबलावर ठेवला. लेबल मी मागायच्या आधीच पुढे केलं: 'पळसाच्या पानावर बसलेला. खाताना पाहिला नाही.'

"आते तरी?" ती म्हणाली.

मी भिंग घेतलं आणि पान आधी पळसाचंच आहे ना, ते पाहिलं.