विहिणीनं धाडलेलं औषध

केडगावच्या गीताबाईला सगळं सोसायचं, फक्त मिरजगावच्या विहिणीचं नाव सोसायचं नाही. आणि नातीच्या तोंडी दिवसभर तेच! "मिरजगावच्या आजीकडं वाघ्या कुत्रा हाय. मिरजगावची आजी लई भारी हाय." चार वर्षांची नात मैत्री हे सांगायला लागली की गीताबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नवरा गेल्यावर सावेडीतल्या बंगल्यांची धुणीभांडी करून तिनं नितीनला शिकवलं, एमआयडीसीत चिकटवलं. सून भारती बाळंतपणाला मिरजगावला गेली. पोरीला पहिली आंघोळ विहिणीनं घातली, पहिलं काजळ तिनंच घातलं. गीताबाई ते विसरायला तयार नव्हती. नात आमच्या घराची आणि लाड हिनं करायचे? वा गं वा!

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर सावेडीतल्या एका बंगल्यात कुत्री व्याली. गीताबाईनं एक पांढरं पिल्लू पदराखाली झाकून घरी आणलं. पोरगी हरखली, तिच्या गळ्यातच पडली. "माझी आजी लई भारी!" गीताबाईला आभाळ ठेंगणं झालं. आता बघू म्हणावं, मिरजगाव काय करतं!

पिल्लाचं नाव मोती ठेवलं. मोतीची घाण ती रोज खराट्यानं लोटायची आणि दारच्या शेवग्याच्या आळ्यात पुरायची. शेळीच्या लेंड्यांचं खत चालतं, मग याचं का चालू नये? शेवगा फोफावलाही. पुढं त्याच आळ्यातली मऊ माती घेऊन मैत्री भातुकलीच्या भाकरी थापायची. एक आजीला वाढायची, एक स्वतः चाखायची. गीताबाई कौतुकानं बघत बसायची.

हिवाळा सरता सरता विहीण भीमाबाई नातीला भेटायला आली. मोतीला उचलून तिनं त्याचं पोट चाचपलं.

"विहीनबाई, ह्याचं पोट नगाऱ्यावानी झालंय. जंत हायत. आमच्या वाघ्यालाबी हुते. जनावरांचा डॉक्टर म्हनला, पिल्लाचे जंत लेकरास्नी बाधत्यात. म्या औषध धाडते. आन् त्याची घान लांब टाका, पोरगी मातीत खेळती."

झालं! गीताबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच दारात उभं राहून माझ्याच कुत्र्याला नावं ठेवते?

भारतीच्या भावाबरोबर औषधाची बाटली आलीसुद्धा. गीताबाईनं ती हातात धरून फिरवून फिरवून बघितली. पिल्लू याच्यानं धडधाकट झालं की ही भवानी गावभर सांगत सुटणार, मी होते म्हणून जगलं. मग माझं काय राहिलं? तिनं बाटली मोरीत ओतली. भारतीनं विचारलं तेव्हा रिकामी बाटली दाखवून म्हणाली, "पाजलं की!" घरात वावडिंग होतं. लहानपणी नितीनला जंतांवर तेच दिलं होतं. त्याचा काढा दुधात घालून तिनं मोतीला पाजला आणि मनाची समजूत घातली. घाण मात्र आळ्यातच पुरत राहिली. विहिणीनं सांगितलं म्हणून काय आता रीत बदलायची?

उन्हाळ्यात मैत्री चार दिवस मिरजगावला राहून आली आणि टीव्हीपुढं मान वाकडी करून बसायला लागली. डावा डोळा जरा तिरळा जायचा. गीताबाई फणकारली, "मिरजगावास्नं आली तवापासनंच ही खोड लागलीय!" एकदा भारतीनं खेळता खेळता पोरीचा उजवा डोळा हातानं झाकला.

"आई, लाइट गेली का?" मैत्रीनं विचारलं. लाइट चालूच होती.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि विचारलं, घरात कुत्र्याचं पिल्लू आहे का, मुलगी माती खाते का. मग त्यांनी समजावून सांगितलं. जंतांची अंडी पिल्लाच्या घाणीतून मातीत जातात, तिथं काही दिवस मुरतात आणि मातीच्या हातांनी लेकरांच्या पोटात जातात. त्यातून निघालेली अळी अंगात फिरते. ती डोळ्यात शिरली होती, आतल्या पडद्यावर व्रण पडला होता. उजवा डोळा चांगला होता. डाव्याची गेलेली नजर परत येणार नव्हती.

"पिल्लाला जंतांचं औषध दिलं होतं?"

"दिलं होतं," भारती म्हणाली. "माझ्या आईनंच धाडलं होतं." गीताबाई खाली मान घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी भीमाबाई धावत आली. पोरीला छातीशी धरून हमसून हमसून रडली. "मोतीला तर औषध पाजलं हुतं. मंग आमच्याच वाघ्याचं बाधलं आसंल. माझंच चुकलं गं माय!"

भारतीचा चेहरा दगडासारखा झाला. "आई, आता मैत्री तुझ्याकडं मिरजगावला यायची न्हाई."

ज्यासाठी गीताबाई इतकी वर्षं जळत होती, ते आज न मागता पदरात पडलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण पोरीला कवटाळून रडणारी ती बाई बघून तिचा पुन्हा जळफळाट झाला. पोरीचे लाड हिचे, माया हिची, आता पोरीच्या डोळ्याचं पापही हिनंच घ्यायचं? माझ्या हातनं झालेलं एवढं तरी माझं राहू द्या!

"गप ऱ्हावा, विहीनबाई!" ती ओरडली. "तुमचं काय बी चुकलं न्हाई. औषध म्या मोरीत वतलं. तुमी धाडलं म्हनून वतलं."

भारतीनं आत जाऊन पोरीचे कपडे पिशवीत भरले, बाहेर आली आणि मैत्रीचा हात भीमाबाईच्या हातात दिला.